जुना ट्रक जपायचाय? आधी कागद, मग चेसी, मग ब्रेक, आणि इंजिन शेवटी

दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात आली की अख्खं कोल्हापूर टाचा उंचावून बघतं. शाहूपुरीचा गूळ, उद्यमनगरची कास्टिंगं, कारखान्यांची साखर ज्या ट्रकांनी वर्षानुवर्षं वाहिली ते मात्र बहुतेक किलोच्या भावानं भंगारात गेले. जे उरलेत ते कुणाच्या तरी मळ्यात, गुऱ्हाळाच्या मागं, चिंचेखाली उभे आहेत. ज्यांच्या दारात वडिलांचा किंवा चुलत्यांचा असा ट्रक आहे, किंवा जे असा एखादा शोधताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

क्रम शीर्षकातच दिलाय. बहुतेकजण नेमके उलटे जातात. गाडी आणली की पहिल्याच रविवारी बॅटरी लावून सेल्फ मारतात, इंजिन धूर सोडत सुरू झालं की पेढे वाटतात, आणि सहा महिन्यांनी कळतं की गाडीची नोंदणीच रद्द आहे किंवा चेसीच्या चॅनेलला तडा आहे. मग ती गाडी कायमची निम्म्यावर अडकते.

कुठला ट्रक निवडावा

टाटांनी, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोनं, १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १५ वर्षं चालला. त्या काळातल्या गाड्यांच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असायचा, नंतर त्या जागी टाटांचा टी आला. ताऱ्याची गाडी मूळ जाळीसकट मिळाली तर ती सोडू नका, पण शोधायला निघालात तर बराच काळ लागेल हे धरून चाला.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर माझा सल्ला टाटा १२१० एसई. अर्धं नाक बाहेर असलेली, गोल बोनेटची, तिशीच्या वरच्या प्रत्येक कोल्हापूरकराच्या डोळ्यात बसलेली गाडी. पहिले दोन आकडे एकूण वजनाचे टन आणि पुढचे दोन साधारण दहांच्या पटीत अश्वशक्ती, अशी ही नावं वाचायची. म्हणजे १२ टन आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२० च्या घरात. इंजिनांच्या नावांतही असाच अर्थ आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ चा बोअर. पहिलं ४.८ लिटरच्या जवळचं, दुसरं सुमारे ५.७ लिटरचं. ६९७ इतक्या गाड्यांत बसलं की त्याचे लायनर-पिस्टन, गॅसकेट, बेअरिंगं आजही मागितली की मिळतात. १२१० घ्यायला सांगण्याचं खरं कारण हेच आहे. दिसायला देखणी आहे हा वरचा फायदा.

अशोक लेलँडची कॉमेट हा दुसरा चांगला पर्याय. इंजिन दणकट, पण पत्र्याचे भाग शोधावे लागतात. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या फार्गो आणि डॉज, किंवा हिंदुस्थान मोटर्सची बेडफर्ड, या खऱ्या दुर्मीळ गाड्या. सोलापूरच्या माणसानं मुंबईत काढलेल्या कारखान्याची फार्गो कोल्हापुरात पुन्हा रस्त्यावर यावी असं मला मनापासून वाटतं. पण ती दुसरी गाडी म्हणून घ्या, पहिली म्हणून नको.

काहीजणांना अमेरिकेतले व्हिडिओ बघून थेट ट्रेलरचा हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, हवा असतो. तिकडं पीटरबिल्ट ३५९, केनवर्थ डब्ल्यू-९०० असल्या लांब नाकाच्या गाड्या घरोघरी जपल्या जातात, १९७१ पासून जुन्या ट्रकवाल्यांची राष्ट्रीय संस्थाही आहे. आपल्याकडे हॉर्स घ्यायला हरकत नाही, पण मागचा ट्रेलर घेऊ नका. उभा करायला जागा लागते, त्याच्या ब्रेकचं, टायरचं, कागदांचं वेगळं लचांड असतं. नुसता हॉर्स घेतलात तर फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रेलरची किंगपिन जिथं अडकते त्या जोडाचा, जबडा, त्याचं लॉक आणि खालची प्लेट झिजलीय का ते बघा. ट्रेलरच्या किंगपिना दोन इंची आणि साडेतीन इंची अशा दोन मापांच्या असतात, तेव्हा आपला जबडा कुठल्या मापाचा आहे ते लिहून ठेवा.

कागद

पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. नोंदणी चालू आहे की रद्द, कर्जाचा बोजा आहे का, चलनं किती थकलीत, कर कुठपर्यंत भरलाय, एवढं कळलं की निम्मा निर्णय होतो. बँकेचा किंवा पतसंस्थेचा जुना बोजा तसाच राहिलेला असणं आपल्याकडे फार. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी दिलेलाच नसतो. ती संस्था आज दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असेल तर त्या कागदामागं हिंडायचं काम मूळ मालकाकडेच ठेवा, व्यवहारानंतर आपल्या गळ्यात घेऊ नका.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालक वारलेले असतील आणि गाडी वारसांकडून येणार असेल तर आधी फॉर्म ३१ नं वारसाच्या नावावर, मग तुमच्या. कर्नाटकातून, निपाणी-बेळगावकडून गाडी आणणार असाल तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं जुलै २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांवरची मूळ रूपातली गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत. हे वाचून अनेक ट्रकमालक खूश होतात. पण त्या नियमांतली व्याख्या दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींपुरतीच आहे. मालवाहू गाडी त्यात बसत नाही. तुमचा ट्रक साठ वर्षांचा असला तरी कायद्याच्या लेखी तो मालवाहतुकीचा ट्रकच. त्याला दरवर्षी फिटनेस लागणार, विमा लागणार, पर्यावरण कर लागणार, आणि चालवणाऱ्याकडं हेवी लायसन्स लागणार. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या अवजड गाड्यांच्या फिटनेसची फी अनेक पटींनी वाढली आहे. ताजा आकडा आरटीओत विचारूनच खर्चाचा हिशेब मांडा.

यावर व्यवहार्य मार्ग असा. काम चालू असेपर्यंत गाडी वापरात नाही अशी आगाऊ सूचना आरटीओला देऊन ठेवा, म्हणजे त्या काळाच्या करातून सवलत मिळते. नोंदणी जिवंत ठेवा. गाडी पूर्ण झाली की फिटनेस काढा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी नोंदणी रद्द करून घेऊ नका. एकदा रद्द झाली की ट्रक अंगणातली शोभेची वस्तू होतो.

गाडी बघताना

अंगात जुने कपडे घालून जा, कारण अर्धा तास गाडीखाली जाणार आहे. चॅनेल, म्हणजे चेसीचे दोन लांब पाट, पुढून मागपर्यंत हातानं चाचपत जा. मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, ब्रॅकेट जिथं रिव्हेटनं बसलेत तिथं, आणि केबिनच्या मागं जिथं हौदा सुरू होतो तिथं तडे जातात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांनी उसाचे हंगाम काढलेत, आणि उसाला वजनकाट्याची भीती कधी नव्हती. चॅनेलला वरून पट्टी मारून वेल्डिंग केलेलं दिसलं तर ती पट्टी कशासाठी मारली हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर घरी या.

चेसी नंबर स्वतः शोधा, वायर ब्रशनं हलकेच साफ करा आणि कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या. हीच छाप पुढं आरटीओत लागते. आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडा. पुढं रंगकाम करताना या जागेवर ग्राइंडर अजिबात फिरवू द्यायचा नाही. कामगाराला सांगून भागत नाही, त्या जागेवर ग्रीस लावून टेप मारून ठेवा.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या गाडीसाठी आणखी एक तपासणी, जी दुसरीकडं कुणी सांगणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तर नदीकाठच्या मळ्यात उभ्या गाड्यांचं काय झालं असेल! पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन चकचकीत दिसते. हेडलाइट काढून मागच्या वाटीत बघा, चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात बोट घाला. बारीक, पिठासारखा पंचगंगेचा गाळ तिथं वर्षानुवर्षं राहतो. मग मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगचा ड्रेन नट सैल करून थोडं ऑइल हातावर घ्या. ते दुधी आलं तर आत पाणी गेलंय, क्राउन-पिनियन आणि बेअरिंगं खोलावी लागणार. गिअरबॉक्सलाही तेच करा. पुरातली गाडी घेऊच नये असं नाही, पण भाव त्या हिशेबानं करा.

किंमत ठरवताना भंगाराचा भाव हा तळ धरा. मालकाला गाडी कापूनही तेवढे मिळणारच आहेत, तेव्हा त्याहून थोडे वर द्या आणि मान राखा. अशा गाडीशी घराच्या आठवणी जोडलेल्या असतात. ‘काका, ही मी कापणार नाही’ हे शब्द कधी कधी दहा हजारांचं काम करतात. आणि जेवढ्याला गाडी घ्याल त्याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम कामासाठी बाजूला ठेवा.

आणताना प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडं जाणारा दांडा, सोडवा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सच्या आत ऑइल नीट फिरत नाही, आणि ओढत आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स वाटेतच जळतो. जमलं तर लो-बेडवरच आणा.

ब्रेक आणि टायर

चेसी धुऊन, गंज काढून, रेड ऑक्साइड मारून झाला की ब्रेक. जुन्या गाड्यांत ऑइल ब्रेक हवेच्या मदतीवर चालायचे, नंतरच्यांत पूर्ण एअर ब्रेक आले. कुठलेही असोत, रबराची प्रत्येक वस्तू नवी घाला. होज, डायफ्रॅम, सील, कप, सगळं. चांगलं दिसतंय म्हणून एकही जुनं ठेवू नका. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात बसते. पाण्यानं भिजवून पुसा. मागच्या चेंबरमध्ये स्प्रिंग ब्रेक असेल तर त्याचा क्लॅम्प कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर माणूस जातो. चेंबर बदलायचा झाला तर सगळाच बदला.

टायरचंही तसंच. ९.००-२० च्या जुन्या डिस्कला रिंग आणि लॉक असतात. गंजलेली रिंग हवा भरताना उडते. पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइपनं, बाजूला उभं राहूनच हवा भरायची. हे न करणाऱ्या टायरवाल्याकडं जाऊ नका.

पुढच्या चाकांच्या किंगपिन, बुश, टायरॉड एंड, पाट्यांचे पिन आणि शॅकल हे सगळं याच टप्प्यात. किरकोळ वाटतं म्हणून लोक पुढं ढकलतात. स्टिअरिंगमध्ये चार बोटं खेळ असलेला ट्रक गगनबावड्याच्या घाटात चालवून बघा म्हणजे कळेल.

इंजिन

आता इंजिन, पण अजूनही सेल्फ मारायचा नाही.

जुनं ऑइल काढा, कूलंट काढा, डिझेल फवारणारी नोझलं बाहेर काढा. नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. मग पान्यानं, हातानं इंजिन फिरवा. फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडा, वाट बघा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की टॅपेट सेट करा, नवं ऑइल, कूलंट आणि फिल्टर घाला.

त्यानंतर डिझेलचा पंप. हा भाग नीट वाचा. जुन्या टाटाला सरळ रांगेतला मायको कंपनीचा पंप असतो. आत एक दातेरी दांडी असते, तिला रॅक म्हणतात. रॅक पुढं-मागं सरकते तसं डिझेल कमी-जास्त होतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही रॅक जुन्या डिझेलच्या चिकट थरात पूर्ण डिझेलच्या जागी अडकून बसू शकते. अशा वेळी इंजिन सुरू केलं की ते थांबतच नाही. आवाज चढत जातो, चावी बंद करून काही होत नाही, कारण डिझेल इंजिनाला चावीची गरजच नसते, आणि काही सेकंदांत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून स्टॉपची तार ओढा, सोडा, पुन्हा ओढा. पंपावरचा दांडा प्रत्येक वेळी खटकन पूर्ण मागं गेला पाहिजे. शंका वाटली तर पंप काढून कॅलिब्रेशनच्या बेंचवर पाठवा. माझ्या मते शंका नसली तरी पाठवाच. आणि पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून एक माणूस जाड प्लायवुडचा तुकडा घेऊन तिथं उभा करा. इंजिन पळालं तर त्यानं तोंडावर तो तुकडा दाबायचा. हवा बंद झाली की इंजिन मरतं. हात किंवा फडकं कधीही लावायचं नाही.

एवढं झालं की पंपाची एअर काढा, आणि आता सेल्फ मारा.

लायनर, क्रँक, हेड यांची मापं घेऊन पूर्ण काम करायचं की नाही हे इंजिन गरम झाल्यावर, ऑइलचा दाब आणि ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचा, धूर बघून ठरवा. उगाच चांगलं इंजिन खोलू नका.

आपल्या गावाची ताकद

इथं कोल्हापूरचा खरा फायदा आहे. न मिळणारा भाग दुसऱ्या गावात संपलेला विषय असतो. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फुटलाय, थर्मोस्टॅटचं हाउसिंग गंजून भोक पडलंय, जाळीच्या कडेचा ब्रॅकेट नाही, या सगळ्याचं ओतकाम आणि मशिनिंग पाच-सात किलोमीटरच्या आत होतं.

फक्त एक गोष्ट समजून घ्या. जुना भागच साचा म्हणून वाळूत दाबला तर नवा भाग लहान येतो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. हाताएवढ्या मॅनिफोल्डवर हा फरक एवढा होतो की बोल्टची भोकं हेडशी जुळत नाहीत. म्हणून पॅटर्नवाल्याकडून आकुंचनाचं माप आणि मशिनिंगची जाडी धरून लाकडी पॅटर्न करून घ्या. महाग वाटेल, पण एक पॅटर्न झाला की आणखी चार गाडीवाल्यांचं काम होतं आणि खर्च वाटला जातो. मोठ्या फाउंड्रीला एका नगासाठी वेळ नसतो, तेव्हा छोट्या भट्टीवाल्याला विचारा आणि त्याच्या सवडीनं घ्या. ब्रेकचे ड्रम आणि स्टिअरिंगचे भाग मात्र असे करू नका. ते कंपनीचे किंवा नावाजलेल्या बनावटीचेच घ्या.

केबिन, हौदा, रंग

त्या काळी बऱ्याच गाड्या कंपनीकडून उघड्या चेसीवर यायच्या आणि केबिन इथले सुतार बांधायचे. त्यामुळे ‘मूळ’ केबिन म्हणजे कंपनीची असं नसतं. लाकडी चौकट, वर पत्रा, आत रेक्झिन. कुठल्या गावच्या कारागिरानं बांधली हे विचारून ठेवा. तेही त्या गाडीच्या इतिहासातच मोडतं. कुजलेलं लाकूड सागवानानंच बदला. पत्र्याच्या भोकांवर लांबी (पुट्टी) फासून रंग मारणारा भेटला तर त्याला हात जोडा, कारण पहिल्या पावसाळ्यात फुगवटे येतील. गंजलेला तुकडा कापून नवा पत्राच घाला. फाळक्याच्या कड्या, साखळ्या, दोरी बांधायचे हूक जुनेच ठेवा.

नावं, वेलबुट्टी, जोतिबाचं किंवा अंबाबाईचं चित्र हातानंच रंगवून घ्या. रेडियम कापून चिकटवलेली अक्षरं १२१० वर उपरी वाटतात. हातानं अक्षरं काढणारे पेंटर अजून आहेत. काम कमी झालंय म्हणून ते घरी बसलेत, विचारलं की येतात.

ट्रकधंदा कुठं चाललाय

हा ट्रक कमाईसाठी घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. २०१८ मध्ये ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवून दिल्यावर मोठ्या गाड्यांना एका फेरीत जास्त माल न्यायची मुभा मिळाली. २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले, गाडीत युरियाची टाकी आली, सेन्सर आले, दुरुस्ती लॅपटॉपवर गेली. २०२५ पासून नव्या अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, आणि चालकाच्या बाजूनं बघितलं तर ही फार उशिरा झालेली चांगली गोष्ट आहे. चाकणला एलएनजीवरचे, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवरचे, ट्रक बनताहेत. कोल्हापूर-पुणे हा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा ठरलेला फेरा, ठरलेला माल, ठरलेली वेळ, अशा मार्गांवर आधी एलएनजी आणि मग विजेवरची गाडी येईल असा माझा अंदाज आहे. घाट उतरून कोकणात जाणाऱ्या, परतीचं भाडं शोधत हिंडणाऱ्या एकट्या मालकाला डिझेल सुटायला वेळ लागेल.

याचा आपल्या जुन्या गाडीशी थेट संबंध आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं विजेवरच्या ट्रकला ९.६ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं, आणि त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. धोरण म्हणून ते बरोबरच आहे, पंचवीस वर्षांची धूर सोडणारी गाडी रोज हायवेवर पळायला नकोच. पण त्यामुळे मळ्यात उभ्या गाड्यांना आता गिऱ्हाईक मिळणार, आणि १२१० आज आहेत तेवढ्या पुढच्या काही वर्षांत राहणार नाहीत. घ्यायची असेल तर आत्ता घ्या. आणि तिच्यात मोटर-बॅटरी बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ६९७ चा आवाज आणि डबल क्लच मारून टाकलेला गिअर यासाठीच तर ती ठेवायची.

माणसांचंही तसंच आहे. मायकोचा पंप कानानं ओळखणारे मेस्त्री आता सत्तरीत आहेत. गाडी कामाला लावाल तेव्हा आयटीआयचा एखादा पोरगा त्यांच्या हाताखाली द्या, त्याचा पगार गाडीच्या खर्चात धरा. पंप, गिअरबॉक्स आणि हाउसिंग खोलतानाचं मोबाइलवर शूटिंग करा, शिमची (मधल्या पातळ चकत्यांची) जाडी आणि बोल्टचा क्रम वहीत लिहा, आणि वहीची एक झेरॉक्स मेस्त्रींच्या गॅरेजात ठेवा.